पगारे सरांना बाय मिळाली

तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाबद्दल लोकांचे दोन समज असतात. एक, तो सारखा वाद घालतो. आणि दोन, त्याला भरपूर वेळ असतो. पहिला साफ खोटा आहे, कारण वाद घालायला समोर माणूस लागतो. दुसरा मात्र माझ्या बाबतीत खरा होता. आमच्या कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासाला मुलं खिडकीच्या कठड्यावर बसायची आणि माझा अख्खा वर्ग पुढच्या दोन बाकांवर मावायचा. म्हणून खेळाचे शिक्षक हर्नियाच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले आणि प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून आधी बसायला सांगितलं, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी गळ्यात पडणार. आमचे प्राचार्य एरवी कोणाला बसा म्हणत नसत.

गळ्यात पडली ती विभागीय आंतरमहाविद्यालयीन महिला बास्केटबॉल स्पर्धा. साल अठ्ठ्याहत्तर, महिना डिसेंबर, स्थळ आमचंच मैदान. मी म्हटलं, सर, मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. ते म्हणाले, पगारे, तुम्हाला कुठे खेळायचंय. या विधानात दोष काढता येत नव्हता, म्हणून मी मान डोलावली.

खरं कारण वेगळं होतं, ते सांगून टाकतो. माझी बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. कॉलेज सुटलं की पुढे संध्याकाळ नावाची जी वस्तू उरते तिचं काय करायचं हे मला कळत नसे. भाजी आणायला मी मुद्दाम लांबच्या बाजारात पायी जायचो. घरी आल्यावर रेडिओ लावायचो, ऐकायला नव्हे, घरात आवाज असावा म्हणून. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम मी इतक्या नेमाने ऐकला आहे की द्राक्षांवरच्या रोगांबद्दल मला विचारा, उपायासकट सांगेन. एकटेपणा वाईट असतो, यावर मला काही नवीन म्हणायचं नाही. स्पर्धेच्या निमित्ताने अंधार पडेपर्यंत कॉलेजात थांबता येईल, एवढाच माझा विचार होता.

घोळ सुरू झाला तो मैदानापासून. बास्केटबॉलचं मैदान एन.सी.सी.च्या परेडच्या जागेत अर्धं घुसलेलं होतं. तिथे चुन्याच्या रेषा मारायच्या तर एन.सी.सी.च्या अधिकाऱ्यांची परवानगी हवी. हे अधिकारी म्हणजे आमचेच हिंदीचे प्राध्यापक. स्टाफरूममध्ये ते माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसायचे, रोज माझ्या डब्यातली चटणी खायचे. पण त्यांचं म्हणणं, परवानगी त्यांच्याकडे नव्हे, त्यांच्या हुद्द्याकडे मागायला हवी, आणि हुद्दा फक्त रविवारी सकाळी गणवेश घालून यायचा. मी रविवारी गेलो, त्यांना सलाम की नमस्कार या गोंधळात दोन्ही अर्धं अर्धं केलं आणि परवानगी घेतली. मग कळलं की एका खांबावरची लोखंडी रिंगच गायब आहे. ती कँटीनच्या चुलीवर चहाच्या पातेल्याखाली सापडली. ती काढून आणल्यावर दोन दिवस स्टाफला चहा मिळाला नाही आणि साऱ्या कॉलेजने त्याचा दोष महिला बास्केटबॉलला दिला. विद्यापीठाच्या पत्रकात मुलींच्या गणवेशात अर्धी विजार लिहिली होती. प्राचार्यांनी ते वाचून चष्मा काढला आणि विचारलं, पाऊण करता येईल का. शेवटी ती पाऊणच झाली.

संघ म्हणाल तर सहा मुली. पाच खेळणाऱ्या आणि सहावी अंबू, जी बाहेर बसून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. ती इतकी बुटकी होती की सरावातही तिच्याकडे कोणी चेंडू टाकत नसे. कर्णधार नवसा. पेठकडच्या डोंगरातली, वसतिगृहात राहणारी, माझ्या दोन बाकांपैकी पहिल्यावर बसणारी. ती तीन वर्षं कॉलेजच्या संघात होती आणि तिने एकही सामना खेळलेला नव्हता. पहिल्या वर्षी स्पर्धा रद्द झाली, दुसऱ्या वर्षी समोरचा संघ आला नाही. रोज संध्याकाळी या पोरी आपसातच तीन विरुद्ध तीन खेळायच्या. यंदा नवसाचं शेवटचं वर्ष. ती मला म्हणाली, सर, एकदा तरी समोर दुसऱ्या रंगाचे कपडे दिसू द्या.

कोणी कोणाशी खेळायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. गावातल्या दुसऱ्या एका कॉलेजात त्यासाठी बैठक होती. संघ आले होते सात. सात हा आकडा दोनने भागला जात नाही, म्हणून एका संघाला पहिल्या फेरीत कोणी प्रतिस्पर्धीच मिळत नाही. तो न खेळताच पुढच्या फेरीत जातो. वर्तमानपत्रवाले याला पुढे चाल म्हणतात, आणि खेळवाले बाय म्हणतात. माझ्या हाताला नेमकी तीच चिठ्ठी लागली. सगळे माझं अभिनंदन करायला लागले. नवसाला आता काय सांगायचं, या काळजीत मी आमचे शिपाई चिमाजी यांना म्हटलं, वसतिगृहावर जाऊन मुलींना सांगा की आपल्याला बाय मिळाली. आणि वाटेत माझ्या घराची किल्ली शेजारी सुलावहिनींकडे द्या, दूधवाला येईल.

चिमाजी हरसूलकडचे. त्यांच्या बोलीत बाय म्हणजे बाई, दुसरं काही नाही. त्यांनी वाटेतलं काम आधी केलं. किल्ली वहिनींच्या हातात देऊन म्हणाले, "सरान्ला बाय मिळाली. पयल्याच चिठ्ठीला."

मी संध्याकाळी घरी पोचलो तर माझ्या घरात दिवे लागलेले. तीन वर्षांत कधी मी अंधाऱ्या घराखेरीज दुसऱ्या कशात शिरलो नव्हतो, त्यामुळे क्षणभर वाटलं की गल्ली चुकली. आत सुलावहिनी झाडून काढत होत्या. त्यांचे यजमान झुंबरराव गांगुर्डे, जे प्रेसमध्ये कामाला होते आणि ज्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मत होतं, ते माझ्या एकुलत्या एका आरामखुर्चीत बसून पेढ्यांचा पुडा सोडत होते. कोपऱ्यावरच्या आक्काबाई माझ्या स्वयंपाकघरातले डबे उघडून बघत होत्या आणि प्रत्येक डब्यागणिक च् च् करत होत्या.

"जय भीम, सर. कानावर आलं," झुंबरराव म्हणाले. "लपवून ठेवलंत."

मी म्हटलं, लपवायचं काय त्यात, आजच दुपारी मिळाली. कशी आहे, आक्काबाईंनी आतून विचारलं. मी म्हटलं, मला स्वतःला फारशी पसंत नाही, पण आता चिठ्ठीत निघाली म्हटल्यावर बोलायला जागा नाही. यावर सगळे गंभीर झाले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. अनुमान हा माझा पोटापाण्याचा विषय आहे. मी आपला समजावायला गेलो की बाय म्हणजे काही विशेष नाही हो, न खेळता सरळ पुढे जायचं.

झुंबररावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, या वयात तेच बरं असतं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी घाईघाईने खुलासा केला, बास्केटबॉल सांगितलं, सात भागिले दोन सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, आणि माणूस लाजून असं काहीबाही बोलतो, असा निष्कर्ष काढला. दोन दिवसांनी पौर्णिमा होती. विहारात वंदना झाल्यावर आमच्या समितीचे अध्यक्ष पुंजाराम यांनी जाहीर केलं की पगारे सरांच्या घरी लवकरच मंगल कार्य होणार आहे, ते विहारातच साधेपणाने व्हावं. मी उभा राहून म्हटलं की हा गैरसमज आहे. त्यावर टाळ्या पडल्या.

मग सल्ले सुरू झाले. केस काळे करा. काळे करू नका, आधी मिशी काढा. भिंतींना पिवळा रंग द्या. स्टोव्ह बदला, नव्या बाईला या स्टोव्हवर स्वयंपाक करायला लावणार का. माझ्या बायकोचा, शकूचा, फोटो बाहेरच्या खोलीत असावा की आतल्या, यावर तर माझ्याच घरात दोन गट पडले आणि रोज संध्याकाळी माझ्याच साखरेचा चहा पिऊन भांडू लागले. मला कोणी काही विचारलं नाही. माझी चिडचिड व्हायची, मानहानी व्हायची, सगळं व्हायचं. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. दारात चपला दिसायच्या. जिन्यावरून वर येताना मी त्या चपला बघायचो आणि मला बरं वाटायचं.

अशात विद्यापीठाचं आणखी एक पत्रक आलं. मुलींच्या प्रत्येक संघाबरोबर एक महिला व्यवस्थापक असलीच पाहिजे, ती शिक्षिका असावी. नाहीतर संघ बाद. आमच्या कॉलेजात बाई प्राध्यापक एकच, त्या बाळंतपणाच्या रजेवर. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या बायकांची चौकशी केली, त्याने माझ्याबद्दलचं मत काही सुधारलं नाही. दिवस उरले थोडे. शेवटी मी सुलावहिनींना गाठलं आणि घाईत, अगदी जिवावर बेतल्यासारखं म्हणालो, वहिनी, काहीही करा, मला शनिवारपर्यंत एक बाई पाहिजे. शिक्षिका असली तर उत्तमच.

वहिनी मला म्हणाल्या, असं सरळ बोलला असतात तर मागेच काम झालं असतं.

गुरुवारी त्यांनी मला घरी बोलावलं. त्यांची मावसबहीण आली होती. लताबाई. सायखेड्याच्या शाळेत शिक्षिका, चाळिशीच्या, फिक्या निळ्या पातळातल्या, डोळ्यांत जरा थकलेलं हसू. झुंबररावांनी नवा सदरा घातला होता. माझ्यासमोर पोह्यांची बशी आली, वर खोबरं आणि कोथिंबीर. असे पोहे कुठल्या प्रसंगाला करतात हे आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतं. मला वाटलं, वहिनी अगत्यशील आहेत. मी वेळ न घालवता मुद्द्याला हात घातला.

"बाई, तुम्हाला पूर्वीचा काही अनुभव?"

त्यांनी पदर सारखा केला. "सात वर्षांचा. मग ते गेले."

ते म्हणजे त्यांच्या शाळेचे खेळाचे शिक्षक असणार, असं मी धरून चाललो. "बदली झाली?"

झुंबररावांना ठसका लागला. लताबाई म्हणाल्या, "नाही. वारले."

मला वाईट वाटलं, तसं मी म्हणालोही. मग विचारलं, "त्यांच्या जागेवर दुसरे कोणी आले नाहीत?"

"अजून तरी नाही," त्या माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या.

"काम तसं फार नाही. शनिवार-रविवार पूर्ण वेळ बरोबर राहायचं. रविवारी संध्याकाळी तुम्ही मोकळ्या."

सुलावहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या त्या तशाच उभ्या राहिल्या. मी पुढे म्हणालो, "मुलींकडे मात्र तुम्हालाच बघावं लागेल. मला त्यातलं जमत नाही."

"मुली आहेत?"

"सहा."

लताबाई वहिनींकडे वळल्या. "सुले, तू तर म्हणालीस मूलबाळ नाही."

"मोठ्या आहेत," मी धीर दिला. "कॉलेजात जातात. एक तर इतकी उंच की तिच्या मापाची विजार मिळेना."

पोह्यांवरचं खोबरं बघत मी वाट पाहू लागलो. मग लताबाईंनी हळूच विचारलं, "सर, आपण कशाबद्दल बोलतोय?" मी म्हटलं, बास्केटबॉलबद्दल, आणि तुम्ही? त्यांनी तोंडाला पदर लावला आणि त्या हसायला लागल्या. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना थांबवायला म्हणून वहिनी हसल्या, मग झुंबरराव हसले. मी सगळ्यात शेवटी हसलो, कारण मला सगळ्यात शेवटी कळलं. हसणं ओसरल्यावर मी निघायला उठलो, तर लताबाई म्हणाल्या, बसा हो, पोहे संपवा, मी येते. सायखेड्याला मी पोरींची कबड्डी घेते, ही टोपलीतली कबड्डी असेल.

शनिवारी त्या पहिल्या गाडीने आल्या. आल्या आल्या त्यांनी दोन मुलींच्या वेण्या घट्ट बांधल्या, एकीची उसवलेली विजार उभ्याने शिवली आणि अंबूच्या हातातल्या बाटल्या काढून चिमाजींच्या हातात दिल्या. त्या दिवशी आम्हाला सामना नव्हताच. आम्ही दोघं मैदानाच्या कडेला बाकावर बसून दुसऱ्यांचे सामने बघत होतो. पंचांनी शिट्टी का वाजवली हे आम्हा दोघांनाही कळत नव्हतं, म्हणून आम्ही प्रत्येक शिट्टीला कारणं शोधायचो. त्यांची कारणं माझ्यापेक्षा चांगली असायची. दुपारी त्यांनी डबा उघडला, बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा, आणि अर्धी भाकरी काही न विचारता माझ्या हातावर ठेवली. कितीतरी दिवसांनी मी बोलता बोलता जेवलो. शनिवारी संध्याकाळी त्या वहिनींकडे मुक्कामाला गेल्या आणि मी घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो. मिशीचं काय करावं, असा विचार माझ्या मनात आला, तेव्हा मला कळून चुकलं की आता हा गैरसमज राहिलेला नाही. मला त्या बाई माझ्या घरात हव्या होत्या.

रविवारी सकाळी उपांत्य सामना. समोरचा संघ पहाटेच त्र्यंबकला दर्शनाला गेला होता आणि गर्दीत त्यांना परतीची गाडी मिळाली नाही. पंचांनी आम्हाला पुढे चाल दिली. नवसा मैदानाच्या मध्यात उभी राहून फाटकाकडे बघत राहिली. एकही चेंडू न टाकता आमचं कॉलेज अंतिम फेरीत गेलं आणि प्राचार्यांनी मला दुसऱ्यांदा बसा म्हटलं.

संध्याकाळी अंतिम सामन्याला सारं गाव लोटलं असं म्हणणार नाही, पण आमची कॉलनी लोटली. सुलावहिनी, आक्काबाई, विहार समिती, सगळे सतरंज्या घेऊन आले आणि मैदानाकडे पाठ होईल अशा बेताने, मी आणि लताबाई बसलो होतो त्या बाकाकडे तोंड करून बसले. प्रमुख पाहुणे एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर. ते वेळेआधी आल्याने त्यांना हार आधीच घालून झाला होता. टेबलावर कप होता.

समोरचा संघ आला तो चार मुलींचा. त्यांच्याही सहाच होत्या. एकीचा पाय सकाळच्या सामन्यात मुरगळला आणि दुसरीला बघायला पाहुणे येणार म्हणून भाऊ दुपारीच घरी घेऊन गेला. पंच म्हणाले, पाच खेळाडू असल्याशिवाय सामना सुरू होत नाही. थोडा वेळ थांबू, मग नियमाप्रमाणे यजमान संघ विजयी.

प्राचार्यांचा चेहरा उजळला. पाहुण्यांनी भाषणाचा कागद काढला. तेवढ्यात नवसा माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, कप नको. मॅच पाहिजे."

मी पंचांकडे गेलो. विचारलं, आमची सहावी मुलगी त्यांना दिली तर? ते म्हणाले, नियमात बसत नाही; पण दोन्ही संघांची हरकत नसेल आणि संयोजक जबाबदारी घेत असतील तर मी शिट्टी वाजवतो, आणि निकाल लागेल तो लागेल. प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. पगारे, जे आपलं झालंच आहे ते पणाला लावायचं कारण काय? प्रश्न चोख होता. आयुष्यभर मी असल्या प्रश्नांपुढे मान डोलावत आलो होतो. मी लताबाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. "सर, पोरी थंडीत उभ्या आहेत," एवढंच म्हणाल्या.

मी जबाबदारी घेतली. अंबूला दुसऱ्या रंगाचा सदरा चढवला, तो तिला गुडघ्यापर्यंत आला.

खेळाचं वर्णन मला करता येणार नाही. नवसाने पहिला चेंडू हातातून सोडला, दुसरा पाहुण्यांच्या मांडीवर टाकला. मग तिचा गुडघा फुटला आणि तिथून ती खेळायला लागली. कॉलनीचीही तोंडं हळूहळू मैदानाकडे वळली. आक्काबाई उभ्या राहून दोन्ही संघांना शिव्या देत होत्या. गुण कधी इकडे, कधी तिकडे. शेवटाला बरोबरी झाली. आणि तेव्हा, आमच्या पाची जणी सवयीने अंबूला मोकळं सोडून बाकीच्यांच्या मागे धावत असताना, त्यांच्या एका मुलीने, जिला अंबूबद्दल काहीच माहीत नव्हतं, चेंडू सरळ अंबूकडे टाकला. अंबू रिंगखाली एकटीच उभी होती. तिने डोळे मिटून दोन्ही हातांनी चेंडू वर भिरकावला, तो फळीवर आपटला, रिंगवर फिरला आणि आत पडला. शिट्टी झाली. आमच्या मुलीने आम्हाला हरवलं होतं.

मग नवसा किंचाळत धावली आणि तिने अंबूला उचललं. दोन्ही रंगांच्या मुली एकमेकींत मिसळून नाचायला लागल्या. पाहुण्यांनी प्राचार्यांना विचारलं, जिंकलं कोण? प्राचार्य म्हणाले, ते पगाऱ्यांना विचारा, त्यांनी जिंकलेली स्पर्धा हरून दाखवली आहे. मला बोलायचं होतं, पण लताबाईंनी हसता हसता माझी बाही धरली होती आणि ती सुटू नये म्हणून मी हललो नाही.

त्यांना सोडायला मी एस.टी. स्टँडवर गेलो. सायखेड्याची गाडी लागायची होती. आम्ही शेंगा घेतल्या आणि बाकावर बसलो. मी वाटेत तीन मुद्दे तयार केले होते, क्रमवार. तिन्ही विसरलो.

"बाई," मी म्हटलं, "तुम्ही परत याल का? म्हणजे कायमच्या."

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे खाल्ले. मग म्हणाल्या, "सुली मला दोन वर्षं कोणाकोणाला दाखवतेय. मी येते, पोहे खाते, परत जाते. या वेळी थांबले ती पोरींसाठी. तुम्ही चांगले आहात, सर. दोन दिवस बघितलं मी."

"मग?"

"तुम्हाला घरात कोणीतरी हवंय. ते दिसतं, आणि त्यात वाईट काही नाही. पण सायखेड्याला माझी शाळा आहे, माझी खोली आहे. शाळा सुटली की मी नदीवर जाऊन बसते. एकटीच असते, आणि मला ते आवडतं. कोणाचं तरी कोणीतरी व्हायला मी ते कशाला सोडू?"

सवयीने मी युक्तिवाद तपासून पाहिला. गृहीतं खरी होती आणि निष्कर्ष त्यांतूनच निघत होता. कुठे फट सापडते का म्हणून मी पुन्हा एकदा सुरुवातीपासून बघितलं. मग म्हटलं, बरोबर आहे तुमचं. माझा आवाज मला जसा हवा होता तसा निघाला नाही.

गाडी लागली तशी झुंबड उडाली. मी धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकला आणि त्यांना जागा धरून दिली. गाडी सुटेपर्यंत उभा राहिलो. त्यांनी हात हलवला. रुमाल परत घ्यायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही, तो सायखेड्याला गेला.

घरी आलो तर दारात चपलाच चपला. सगळी कॉलनी माझ्या बाहेरच्या खोलीत बसलेली, आत सुलावहिनींनी पुरणाचा बेत केलेला. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"नाही म्हणाल्या," मी सांगितलं.

आता सुरू होईल, असं मला वाटलं. मिशी काढली असती तर, पिवळा रंग दिला असता तर, असं बोलायला नको होतं, तसं बोलायला हवं होतं. मी तयारीत उभा होतो. पण कोणी काही बोललं नाही. माझ्या पाण्याच्या टाकीपासून मोरारजींच्या सरकारपर्यंत सगळ्यावर मत असलेले झुंबरराव फरशीकडे बघत राहिले. आक्काबाईंनी पदराने उगाच टेबल पुसलं. मग एकेक जण उठला. येतो सर. येते हं, सर. वहिनींनी ताट वाढून झाकून ठेवलं आणि त्याही गेल्या.

मी दार उघडंच ठेवून बसलो. तीन आठवडे मी या लोकांच्या सल्ल्यांनी वैतागलो होतो. आता कोणीतरी मागे फिरून यावं आणि मी काय करायला हवं ते मला सांगावं, असं फार वाटत होतं. अगदी चुकीचं सांगितलं असतं तरी चाललं असतं.